मंडळीला दिलेला पैसा कसा वापरावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळा वर्षं मी आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार होतो. आता वही दुसऱ्याच्या हातात आहे, पण प्रश्न अजून माझ्याकडेच येतात. फोनवर येतात, लग्नाच्या मांडवात येतात, उपासना सुटल्यावर गेटपाशी येतात. बरेचसे तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्या डोळ्यांपुढे आहेत. कॅथलिक धर्मग्रामांची (पॅरिशांची) रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलंय. कर आणि ट्रस्टच्या बाबतीत पाऊल टाकण्याआधी आपल्या सीएला जरूर विचारा.

१. रविवारी अर्पणाच्या पिशवीत टाकलेला पैसा नेमका कोणाचा? पाळकांचा (पास्टरांचा), कमिटीचा, की आमचा?

तिघांचाही नाही. आपण तो देवाला दिला, तिथे आपली मालकी संपली. कायद्याच्या नजरेत तो सार्वजनिक न्यासाचा पैसा आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक चर्चची मालमत्ता १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टकडे असते. कमिटीवरची माणसं त्या पैशाची राखणदार. विश्वस्त या शब्दातच ते आलं: विश्वासाने सोपवलेलं सांभाळणारा. मालकी संपली म्हणजे विचारण्याचा हक्क संपला असं मात्र नाही. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

२. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) एकूण पगारावर द्यायचा की कापून हातात येतो त्यावर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि याचं उत्तर मी कधीच आकड्यात दिलं नाही. बायबलात मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात सगळा दशांश भांडारात आणा असं आहे, आणि प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नको, जुलमानेही नको. दशांशाची वसुली करणारी, थकबाकीदारांची यादी फळ्यावर लावणारी मंडळी मला मान्य नाही.

दशांशावर प्रवचन करणाऱ्यांनी बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्यायही वाचून दाखवावा, एवढी माझी विनंती आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), परदेशी, अनाथ, विधवा यांनी तो पोटभर खायचा, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. किती द्यायचं हे सांगणाऱ्याने ते कोणाच्या ताटात जातं हेही सांगायला हवं.

३. मग खर्चाचा क्रम काय असावा?

टक्केवारी शास्त्रात नाही. आमच्याकडे क्रम असा होता: पाळकांचं मानधन, वीज-पाणी आणि उपासनेचा खर्च, गरिबांचा निधी, इमारतीची डागडुजी, सुवार्तेचं काम. कागदावर क्रम ठीक दिसायचा. पण वर्षअखेर गरिबांच्या निधीत काही उरायचंच नाही, कारण वरचे दोन खर्च कधी थांबत नाहीत आणि गरीब माणूस बिल पाठवत नाही.

शेवटी आम्ही पद्धत बदलली. रविवारची रक्कम मोजून झाली की गरिबांचा वाटा त्याच टेबलावर वेगळ्या पाकिटात जायचा, बाकीचं नंतर. पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी त्या एका कामासाठी सात माणसं निवडायला लावली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६). ते काम उरल्यासुरल्या वेळात, उरल्यासुरल्या पैशात होणारं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

४. पाळकांना किती पगार द्यावा? ‘सेवा आहे, नोकरी नाही’ असं आमच्याकडे म्हणतात.

असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी आपल्या मुलांची फी ‘सेवा’ म्हणून भरून घेतलेली मी पाहिली नाही. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, हे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. मंडळीतल्या एखाद्या शिक्षकाचं घर ज्यात नीट चालतं, तेवढं पाळकांचंही चालावं, हे माझं अंदाजाचं माप. भविष्यनिर्वाह निधी आणि आजारपणाचा विमा धरून. पाळक निवृत्त होतात त्या दिवशी पाळकबंगलाही सोडावा लागतो, हे कमिट्या विसरतात. रक्कम ठरते त्या बैठकीत पाळकसाहेबांनी बाहेर बसावं आणि ठरलेला आकडा हिशेबात उघड लिहावा.

५. अर्पणाची मोजणी कोणी आणि कशी करावी?

बायबलातलं ‘दुसरं राजे’ हे पुस्तक, अध्याय १२ काढा. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांकडे जायचा आणि दुरुस्ती काही होत नव्हती. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजून पिशव्यांत बांधत. दोघं, आणि दोन वेगवेगळ्या घरांतले. मला आजवर यापेक्षा चांगला नियम सापडलेला नाही.

आमची मोजणी अशी चालायची. उपासना संपली की व्हेस्ट्रीत (वेदीलगतच्या खोलीत) सतरंजीवर पिशव्या रिकाम्या करायच्या, दार उघडं ठेवून. किमान दोघं, नवरा-बायको किंवा सख्खे भाऊ चालणार नाहीत, आणि दर महिन्याला माणसं बदलायची. नोटा सरळ करून मूल्याप्रमाणे गठ्ठे. नाणी शेवटी. वहीच्या चौकटीत पाचशेच्या किती, शंभराच्या किती, दहाच्या किती असं लिहून खाली दोघांच्या सह्या. एक दहाची नोट दर आठवड्याला चार घड्या घातलेली, हळदीचा डाग असलेली यायची. कोणाची हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बोललं कोणी नाही. ती उलगडताना हात आपोआप हळू व्हायचा.

सोमवारी आहे तशी पूर्ण रक्कम बँकेत. ‘आजचा ऑर्गनवाल्याचा खर्च यातूनच देऊन टाकू’ असं करायचं नाही. आधी सगळं जमा, मग खर्च व्हाउचरवर.

६. आता निम्मे लोक फोनवरून पैसे देतात. क्यूआर कोड कोणाच्या नावाचा असावा?

ट्रस्टच्या खात्याचा. पाळकांच्या नंबरचा नको, खजिनदाराच्याही नको, ‘खातं उघडेपर्यंत तात्पुरता’ म्हणूनसुद्धा नको. पैसे पाठवताना स्क्रीनवर मंडळीच्या ट्रस्टचं नाव दिसलं नाही तर थांबा आणि विचारा. धनादेशाला दोन सह्या लागतात, तसेच ऑनलाइन व्यवहारालाही दोघांची मंजुरी लागेल अशी सोय बँका करून देतात. ती मागून घ्या.

७. छपरासाठी दिलेला पैसा अडचणीच्या वेळी दुसरीकडे वापरला तर चालतं का?

नाही. हे उत्तर मी अनुभवाने शिकलोय. कौलं बदलायला लोकांनी पैसे दिले होते. मार्चमध्ये वीजबिल थकलं, मीटर काढून नेण्याची नोटीस आली आणि मी कौलांच्या पैशातून बिल भरलं. पुढच्या महिन्यात परत ठेवू म्हटलं. ते जमलं नाही. जूनच्या दुसऱ्या रविवारी वेदीच्या डाव्या अंगाला तीन बादल्या मांडून उपासना झाली. छपरासाठी पहिली पाचशेची नोट ज्या वृद्ध गृहस्थांनी दिली होती, ते बादल्यांच्या शेजारच्या बाकावर बसले होते. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. मी पुढच्याच बैठकीत चूक मांडली, ती इतिवृत्तात आहे.

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत कलम १२६७ हेच सांगतं: विशिष्ट हेतूने दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरावं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही ते आपलं मानायला हरकत नाही. असे निधी वहीत वेगळे दाखवा, शक्य असेल तर खातंही वेगळं ठेवा. काम होऊन पैसे उरले तर देणाऱ्यांना विचारा. देणारे शंभर असतील तर विचारणं अवघड जातं, म्हणून पावतीवर आधीच एक ओळ छापा: ‘काम पूर्ण होऊन शिल्लक राहिल्यास ती इमारत दुरुस्ती निधीत जमा होईल.’

८. हिशेब मागितला तर ‘देवाच्या सेवकावर अविश्वास दाखवता’ असं ऐकावं लागतं. काय उत्तर द्यावं?

पौलाचं द्या. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम पोहोचवायची होती. ती न्यायला त्याने एकट्यादुकट्याला न पाठवता आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला बंधू दिला. कारणही लिहून ठेवलं: या दानाबाबत कोणी आम्हांला दोष देऊ नये, आणि जे प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने चांगलं, तेच आम्ही करतो (२ करिंथ, अध्याय ८). पौलाला हिशेब अपमान वाटला नाही.

यावर काहीजण प्रश्न ५ मधलाच अध्याय उलटा वाचून दाखवतात. कारागिरांना मजुरी देणाऱ्या माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत, असं पंधराव्या ओवीत आहे खरं. पण त्यांच्या हाती पैसा जायचा तो दोघांनी मोजून, बांधून दिलेला. कुलूप आधी लागलं होतं, मग विश्वास.

व्यवहारात पाहायचं तर ट्रस्टचे हिशेब दर वर्षी तपासून घेणं आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करणं विश्वस्तांना बंधनकारकच आहे. कॅथलिक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे (कलम ५३७) आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवायचा आहे (कलम १२८७). तेव्हा तुम्ही नवीन काही मागत नाही. महिन्याचा जमाखर्च एका पानावर लिहून नोटीसबोर्डावर लावा, एवढंच सुचवा. कोणी किती दिलं ते त्यात नको, कशावर किती गेलं ते हवं.

९. कापणीच्या सणाला धान्य, कोंबड्या, भोपळे येतात. त्यांचा हिशेब कसा ठेवायचा?

गावाकडच्या मंडळ्यांचा हा सर्वांत आनंदाचा दिवस, आणि सर्वांत ढिसाळ हिशेबाचाही. वेदीपुढे पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या, अंड्यांच्या टोपल्या. मग लिलाव. एकच भोपळा चारदा विकला जातो, कारण घेणारा पैसे देतो आणि भोपळा पुन्हा वेदीपुढे ठेवतो. एकाने बोली पुकारावी, दुसऱ्याने लिहावी: वस्तू, घेणाऱ्याचं नाव, रक्कम, रोख की उधार. उधारी तिथेच बुडते. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्यांची यादी त्याच संध्याकाळी कमिटीपुढे आली तर पुढच्या रविवारपर्यंत बहुतेक पैसे येतात. न विकलेलं धान्य कोणाच्या घरी गेलं तेही लिहा.

मिझोराममधल्या चर्चमध्ये बाया स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. शंभराहून अधिक वर्षं चाललेली ही रीत, आणि त्या तांदळाच्या पैशावर तिथल्या मंडळ्यांनी किती तरी सेवक दूरदूर पाठवले. मुठीमुठीने आलेलंही तिथे मोजलं जातं.

१०. बँकेत मोठी ठेव साठवून ठेवणं बरोबर आहे का?

सहा महिन्यांचा नेहमीचा खर्च भागेल एवढी गंगाजळी असावी, असं माझं मत. त्याहून जास्त असेल तर ती कशासाठी आहे ते सभेला सांगता आलं पाहिजे. आयकरातून सूट घेणाऱ्या ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या उद्देशांवर खर्च करावे लागतात. एखाद्या ठरलेल्या कामासाठी जास्त साठवायचं असेल तर तसं कळवून ५ वर्षांपर्यंत साठवता येतं. पैसे शेड्यूल्ड बँकेत, पोस्टात किंवा सरकारी रोख्यांत ठेवा. भिशीत नको, सभासदाच्या धंद्यात नको, ‘दोन टक्के महिना’ सांगणाऱ्या कोणाकडेही नको, मग तो रविवारी पहिल्या बाकावर का बसत असेना.

११. मिशनच्या काळातली जमीन विकून मंडळीचा खर्च भागवावा का?

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली अहमदनगरला काम सुरू झालं. त्या आणि नंतरच्या मिशनांच्या काळातल्या जागा आज शहरांच्या ऐन मध्यात आहेत, आणि त्यांच्यावर डोळा नाही असा बिल्डर विरळा.

विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त भाड्याने द्यायलाही परवानगी लागते. कमिटीने नुसता ठराव केला म्हणजे झालं, असं नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झालं, तेव्हा अनेक जुन्या मंडळ्या त्यात आल्या. अशा ठिकाणी जमीन कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे हे आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर पाहा.

परवानगी मिळाली तरी माझं म्हणणं असं: जमिनीचा पैसा जमिनीत किंवा इमारतीत जावा. तो पगाराला आणि वीजबिलाला लावला की दहा वर्षांत जमीनही नाही आणि पैसाही नाही.

१२. माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो मंडळीला पैसे पाठवू शकतो का?

तो कोणत्या देशाचा नागरिक आहे ते आधी पाहा. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परदेशी दान ठरत नाही. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असूनही ते परदेशी दानच. मग ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परदेशी दानाच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. ‘काकांच्या खात्यावर टाकतो, ते रोख देतील’ ही वाट धरू नका. एका प्रेमळ मुलाच्या पाकिटापायी अख्खा ट्रस्ट अडचणीत येतो.

१३. चर्चला दिलेल्या देणगीवर ८०जी ची (देणगीदाराला आयकरात मिळणारी) सूट मिळते का?

निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या देणगीवर साधारणपणे नाही. मंडळीचा दवाखाना, वसतिगृह किंवा शाळा वेगळ्या धर्मादाय ट्रस्टखाली असेल आणि त्याला मान्यता असेल तर मिळू शकते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. सूट मिळावी म्हणून रविवारच्या अर्पणाची पावती शाळेच्या नावाने फाडू नका. ती खोटी पावती आहे.

१४. अडचणीतल्या सभासदाला मंडळीने कर्ज द्यावं का?

कर्ज नको, मदत द्या. कर्ज घेतलेला माणूस हप्ता थकला की उपासनेला यायचा बंद होतो. पैसेही जातात आणि माणूसही जातो. मदत ठरवायला तीन जणांची छोटी समिती असावी, त्यात एक बाई हवीच. शक्य तिथे रोख हातात न देता रक्कम सरळ दवाखान्यात किंवा शाळेत भरावी. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा, नावांची यादी कुलपात. विश्वस्तांच्या आणि पाळकांच्या नातेवाइकाचा अर्ज असेल तर संबंधिताने बैठकीतून उठावं. मदत ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यालाही द्यावी. मात्र तिला उपासनेला येण्याची किंवा नाव बदलण्याची अट कधीही, आडूनसुद्धा, नसावी.

१५. घरभेटीत पाळकांना दिलेलं पाकीट त्यांचं की मंडळीचं? आणि मिस्साचे पैसे?

पाकिटावर किंवा तोंडी ‘तुमच्यासाठी’ म्हटलं असेल तर त्यांचं. ‘चर्चसाठी’ म्हटलं असेल तर पावती फाडायची. काहीच म्हटलं नसेल तर चांगले पाळक तिथेच विचारतात. कॅथलिक रीतीत मिस्सासाठी, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेसाठी, दान देता येतं, पण त्याला व्यापाराचा वासही येता कामा नये, अशी धर्मसंहितेची ताकीद आहे. एका दिवशी जास्त मिस्सा केल्या तरी, नाताळ सोडून, फादरांनी एकाच मिस्साचं दान स्वतःसाठी ठेवायचं असतं. गरिबाकडे पैसे नाहीत म्हणून त्याचा संस्कार अडवायचा नाही, हेही तिथेच लिहिलंय (कलम ८४८). आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वर्गणी थकली म्हणून कबरस्तानात जागा अडवल्याचं ऐकतो तेव्हा मला लाज वाटते.

१६. माझी आई आपली सगळी पेन्शन मंडळीला देते आणि स्वतःची औषधं टाळते. मंडळीने ते पैसे घ्यावेत का?

गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी कमी मोलाच्या नाण्यांची, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिच्या अगदी आधीच्या ओळीत काय आहे ते सहसा वाचलं जात नाही: विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा, असं येशू म्हणतो (मार्क १२). आणि आईवडिलांच्या वाट्याचं ‘हे कुर्बान आहे, देवाला वाहिलंय’ म्हणून टाळणाऱ्यांना त्याने मार्कच्याच सातव्या अध्यायात फटकारलंय. तेव्हा हो, मंडळीने नाही म्हणावं.

आमच्याकडे अशा एक आजी होत्या. पाळकीणबाई आणि मी त्यांच्या घरी गेलो, त्या महिन्याचं पाकीट टेबलावर ठेवलं. आजी रागावल्या. देवाला दिलेलं परत आणता म्हणाल्या. पाळकीणबाईंनी फडताळातून औषधांची रिकामी पाकिटं काढली आणि पैशांच्या पाकिटाशेजारी मांडली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आजींनी त्यातून शंभराची एक नोट काढून माझ्या हातात दिली आणि बाकीचे पैसे उशीखाली सरकवले. मी तिथेच शंभराची पावती फाडली.